बिनपायरीचं पाणी

बायको गेली त्याला आता वर्ष होईल. येणारे-जाणारे म्हणतात, बोलत जा, मन हलकं होतं. माझं काही हलकं होत न्हाई. शाळा चौथीपर्यंत, तीही ढोरं वळता वळता झालेली, त्यामुळं गोड लिहायला मला येत न्हाई. पण आम्ही दोघं त्या पाण्याच्या बागेत गेल्तो, त्याची गोष्ट गावात लोक आपापल्या मनानं सांगू राह्यले. कोणी म्हणतं म्हाताऱ्याला चळ लागला, कोणी म्हणतं लकव्याच्या बाईला फरफटत नेलं. कोणी कोणाला फरफटत नेलं न्हाई. नेलंच असंल तर तिनं मला नेलं. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

तिच्या उजव्या अंगावरून वारं गेल्तं. वाकडं झालेलं तोंड बरंचसं सरळ आलं, बोलणं परत आलं, आणि बोलण्याबरोबर शिव्याही आल्या. पण उजवा हात सुजून मांडीवर पडलेला आणि उजवा पाय म्हणजे ओंडका. खाटंवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटंवर, एवढंच फिरणं. चाकाची खुर्ची मुलानं आणून दिल्ती. तो पुण्यात कंपनीत आहे. आम्ही दोघं वडीगोद्रीच्या पुढं, शेतातल्या घरात.

उन्हाळ्यात एकदा अंगाची आग होऊ राह्यली म्हणाली, म्हणून मी तिला विहिरीजवळच्या हौदात बसवलं आणि मोटार चालू केली. पाणी छातीला आलं तशी ओरडली, "अवो, इकडं पाहा, पाहा जल्दी!" मला वाटलं साप निघाला. पाह्यलं तर पाण्याखाली तिचा उजवा पाय वर उठू राह्यला होता. उठला, खाली टेकला, परत उठला. बाहेर काढल्यावर परत ओंडका.

त्या दिवसापासून तिनं एकच धरलं. "मला पाण्यात उभं राहायचंय. कोणी न धरता."

बोलायला सोपं. हौद बसण्यापुरता. विहिरीत उतरवणार कसं? शेततळ्याचं प्लास्टिक असं निसरडं की धडधाकट माणूस आत गेला तरी दोराबिगर वर येत न्हाई. घनसावंगीकडून गोदावरीला नेलं, तर जिथं घाट तिथं पायऱ्या, आणि पायऱ्या न्हाईत तिथं मांडीइतका गाळ. खुर्चीला पायरी म्हणजे भिंतच. काठावर बसून तिनं नुसतं पाणी पाह्यलं आणि आम्ही जीपमधून परत आलो.

दिवाळीला मुलगा आला, त्यानं नातीचा व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा बागेत पोरं पाण्यात नाचू राह्यली होती, वरून नळ्यांतून घसरत येऊ राह्यली होती, भोंगा वाजला की मोठ्या हौदात लाटा उठत होत्या. मी नातीला पाहत होतो. हिनं मोबाईल हिसकून घेतला.

"हे पाणी सुरू कुठून होतं?"

"कुठून म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"अरे, पायऱ्या कुठंयत याला?"

त्यानं परत लावून दाखवलं. पायऱ्या नव्हत्या. फरशी उतरत उतरत आपोआप पाण्याखाली जात होती. आधी घोटा, मंग गुडघा, मंग कंबर.

"हे बिनपायरीचं पाणी हाये," ती म्हणाली. "मला हितं न्या."

मुलगा हसला. "माय, ती लहान पोरांची जागा आहे. तिथं म्हातारी माणसं सामान सांभाळत बसतात."

"मी आयुष्यभर तेच केलंय. जत्रंत तुमी पाळण्यात आन् मी चपला घेऊन खाली. आता चपला तू सांभाळ."

मंग मी तयारीला लागलो. आधी फोन केला. तिकडून एक पोरगी बोलली, आमच्याकडं व्हीलचेअरची सोय आहे सर. मी विचारलं, संडासाच्या दाराची रुंदी किती? ती म्हणाली, सर, होल्ड करा. गाणं लागलं. परत विचारलं, परत गाणं. म्हटलं, गाणी ऐकायला रेडिओ हाये माझ्याकडं. एसटीत बसलो आणि स्वतःच गेलो. अर्ध्या दिवसाची वाट.

गेटवरच्या माणसाला सांगितलं, मला खुर्चीत बसव आणि ढकल. तो म्हणाला, बाबा, तुम्ही तर चालत आले. म्हटलं, आता समज माझे पाय गेले. बिचाऱ्यानं ढकललं. अशी खुर्चीतून मी सगळी बाग पाह्यली, जशी तिला दिसंल तशी. वाट कुठं चढाची, कुठं नाली आडवी, सगळं कळलं. संडासाचं दार वीतभर कमी पडलं, खुर्ची आत जाईना. म्हणजे भोकाची प्लास्टिक खुर्ची घरून न्यायची. जेवायला मोठा जिना, म्हणजे खालीच खायचं. बाहेरचं खाणं आत चालत न्हाई म्हणाले. मी विचारलं, आजारी माणसाची भाकर बाहेरची कशी? त्यानं साहेबाला विचारलं आणि भाकरीला परवानगी मिळाली. राहायला शेजारीच एक लॉज होता, खालची खोली बघून ठेवली.

लाटांच्या हौदाला मात्र साधा सरळ उतार होता. तिथं मी खुर्ची थेट पाण्यापर्यंत न्यायला लावली. चाकं भिजली. बराबर होतं सगळं.

निघताना गेटवरचा माणूस म्हणाला, "आजींना सांगा, साडी चालत न्हाई पाण्यात. नायलॉनचे कपडे हितं मिळतात. आणि काचेच्या बांगड्या काढून या. पाण्यात फुटली तर कोणाच्या पायात जाईल."

त्याच्याशी भांडायला जागाच नव्हती. लहान पोरं उघड्या पायानं हिंडू राह्यली होती.

घरी येऊन सांगितलं. नायलॉनला ती हसली. "सर्कशीतल्या बाईवानी दिसंल मी." पण बांगड्यांचं ऐकलं आणि हाताकडं पाहत राह्यली.

डाव्या हातातल्या साबण लावून मी ओढून काढल्या. उजव्या निघेनात. त्या वारं जायच्या आधीच्या, आणि त्यानंतर हात सुजलेला. तेल लावलं, बर्फ लावला, पिशवी गुंडाळून ओढून पाह्यलं. बाजारातल्या बांगडीवालीला घरी आणलं. तिनं हात दाबून पाह्यला आणि आपलं सामान आवरलं. "फोडाव्या लागतील. आन् मालक समोर बसलेत तोवर मी सवाष्णीच्या फोडणार न्हाई. मी भरायचं काम करते."

आमच्याकडं बाईच्या बांगड्या फोडतात कधी, हे सगळ्यांना माहीत आहे. नवरा मेल्यावर. रोजच्या बोलण्यातसुद्धा बांगडी फुटली असं म्हणत न्हाईत, वाढली म्हणतात.

ही गोष्ट घनसावंगीला माझ्या थोरल्या बहिणीच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी आक्का पहिल्या बसनं हजर. तिचे मालक जाऊन लई वर्षं झाली. आल्याबरोबर पाणी न पिता माझ्यावर सुटली.

"तुला अक्कल हाये का? जित्ता बसलास आन् बायकोच्या बांगड्या फोडतो?"

"मी कुठं फोडल्या अजून?"

"फोडणार हाये म्हणून तर आले मी! माझ्या फोडल्या तवा दगडावर हात धरला होता बायांनी माझा. तो आवाज अजून जात न्हाई कानातून. आन् तुमी हौसेनं करता? पाण्यात नाचायला?"

बायको खाटंवर बसली होती. म्हणाली, "आक्का, तुमचे भाऊ समोर बसून चहा फुरकू राह्यले. मेलेत का ते?"

"अगं तोंड संभाळ."

"न्हाई, सांगा ना. या बांगड्या वारं गेलं तवाबी हातातच होत्या. हात मेला, पाय मेला. यांनी काय थांबवलं? मला एकदा उभं राहायचंय, आक्का. मंग भरा कोपरापर्यंत."

मी आतून पक्कड आणली. मला अपशकुनाची भीती नव्हती, कातडी कापली जाईल याची होती. ओलं फडकं बांगडीखालून सरकवलं, वरून दुसरं झाकलं आणि दाबलं. आवाज बारीकच आला. बायकोनं डोळे मिटले न्हाईत, माझ्याकडं पाहत होती. म्हणाली, "दाबा की जोरात. शेंगा फोडू राह्यले का?"

सगळ्या फुटल्या तेव्हा मनगटावर त्यांचे वळ होते, पांढरे, खोल. आक्का उठली. देव्हाऱ्यातून दोरा घेतला, हळदीत भिजवला. आमच्याकडं बांगड्या बदलताना हात सुना ठेवत न्हाईत, तेवढ्यापुरता दोरा बांधतात. आक्का दोरा घेऊन हिच्यापर्यंत आली आणि थांबली. दोरा माझ्याकडं करून म्हणाली, "धर, शेजारच्या सुनंला बोलाव. मी कशी बांधू?"

बायकोनं डाव्या हातानं उजवा उचलला आणि आक्काच्या मांडीवर नेऊन ठेवला. "तुमीच बांधा. दुसरं कोणी आलं तर मी सोडून टाकीन."

आक्कानं बांधला. बांधताना रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, "पडू दिलीस तर याद राख."

बायको पुढच्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेली. त्या दिवशी बायांनी तिला हिरवा चुडा भरला आणि म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशीबवान. मला ते ऐकवत न्हाई. मी मागं राह्यलो यात तिचं कसलं नशीब? तोंडावर बोललो तसं, बायांना राग आला. येऊ द्या.

तर आम्ही गेलो. मुलाला यायचं होतं, तिनं नको म्हटलं. "तू सारखा माय, हळू, माय, हळू करशील." जीपवाला गावातलाच होता. त्याच्या जीपमध्ये चढायचं-उतरायचं आम्ही आठवडाभर आधी अंगणात करून पाह्यलं होतं. आधी डावा पाय, मंग माझ्या गळ्यात हात, मंग बूड. उजवा पाय सगळ्यात शेवटी, सामानासारखा. सणवार नव्हता, बाग बरीचशी रिकामी होती.

ते काळे नायलॉनचे कपडे तिला घालायला तिथल्या कामवाल्या बाईनं मदत केली. बाहेर आली ती हसतच. "माझ्याकडं पाहू नका. आधी स्वतःची चड्डी पाहा." माझीही गुडघ्यापर्यंतची, फुलाफुलांची. लग्नातसुद्धा आम्ही एकमेकांना इतकं निरखून पाह्यलं नव्हतं.

खुर्ची पाण्यात नेली. चाकं भिजली, पाय भिजले, पाणी मांडीला आलं. तिथं मी तिला काखेत धरून उचललं आणि आम्ही दोघं बाजूबाजूनं आत सरकत गेलो. पाण्यातल्या लोकांवर लक्ष ठेवणारा शिट्टीवाला माणूस, पोटाचा मोठा, जवळ येऊन थांबला. पाणी तिच्या छातीला लागलं.

"सोडा," ती म्हणाली.

"पडशील."

"पडले तर पाण्यातच पडंल ना? सोडा म्हणते."

मी एक हात काढला. तिचा उजवा खांदा कलला, ती हेलकावली, परत सरळ झाली. मी दुसरा हात काढला. काढला म्हणजे तिच्या पाठीशी पाण्यातच धरून ठेवला, पण लागू दिला न्हाई. पाण्याखाली तिची दोन्ही पावलं दिसत होती. फरशीवर टेकलेली. दोन्ही.

ती समोर पाहत होती.

तेवढ्यात भोंगा वाजला. शिट्टीवाला म्हणाला, "बाबा, लाटा सुरू होतात, आजींना बाहेर घ्या."

"येऊ द्या की," ती म्हणाली. "तिकीट लाटंचं बी घेतलंय ना तुमी?"

त्याला हसू आलं. तो तिच्या मागं येऊन उभा राह्यला. मी लाटंकडं पाठ करून, तिच्याकडं तोंड करून, तिला झेलायला हात पसरून थांबलो. लाट आली ती माझ्याच पाठीत. पाय सुटले, नाकातोंडात पाणी, वरखाली काही कळंना. उठलो तेव्हा खोकत खोकत तिला शोधू लागलो. ती जिथं होती तिथून थोडी मागं सरकलेली, शिट्टीवाल्याच्या हातांच्या मधोमध, पण त्याचे हात हवेतच. उभी. केस तोंडावर, आणि हसू राह्यली होती ते थांबंना.

"तुमीच पडले!" म्हणाली. "सरका तिकडं, दुसरी येऊ राह्यली."

भोंगा बंद होईपर्यंत आम्ही तिथंच. मंग परत भोंगा, परत लाटा. मी बाहेर चल म्हणत होतो, ती नजर देत नव्हती. शेवटी बाग बंद व्हायची शिट्टी झाली तेव्हा निघाली, आणि खुर्चीत बसता बसता तिनं त्या शिट्टीवाल्याला विचारलं, "उद्या किती वाजता उघडता?"

खरं तर सकाळी आम्ही परत निघणार होतो. लॉजवर आल्यावर मी मुलाला फोन लावला. माझा आवाज बसला होता पाण्यानं. तो घाबरला.

"दादा, काय झालं? माय पडली का?"

"मी पडलो. तुझी माय उभी हाये. तू जीपवाल्याला सांग, उद्या येऊ नको."