आईनं मिसरी सोडली

बेळगावला मेडिकलला असताना कार्डिओलॉजीच्या पोस्टिंगला आमची जी टोळी होती, तिच्यात मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी मी एकटी. त्यामुळे बाकीचे गळ्यात स्टेथोस्कोप मिरवायचे आणि मी दुभाष्याचं काम करायचे. लई राग यायचा. हृदयाचे ठोके ऐकायला आले होते, आणि दिवसभर ऐकत काय होते, तर 'हिला विचार ना, कुठं दुखतंय?'

एकदा खानापूरकडची एक मावशी दाखल झाली. शेतात तण काढायला, भांगलायला गेली असताना छातीत कळ आली, तो हार्ट अटॅक निघाला. वयानं माझ्या आईएवढी. साखर नाही, बीपी नाही. सरांनी विचारायला लावलं, तंबाखू खाते का? मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"न्हाय बाई! आमच्यात बायका तंबाकू खाईत न्हाईत."

मी तसं सांगितलं आणि टोळी पुढच्या खाटेकडे सरकली. मी मात्र जागची हलले नाही. मावशीनं टॉवेल काढायला पिशवी उघडली होती आणि तिच्यातून एक वास आला होता. भाजलेल्या तंबाखूचा. त्या वासानं मला एका क्षणात घरी, निपाणीला नेऊन उभं केलं.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आप्पा गेल्यावर तिनं त्याच मजुरीवर आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. वखारीतून आणलेली चिमूटभर तंबाखू ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरून डबीत भरायची. ती मिसरी. सकाळी परसदारी आई आणि शेजारच्या बायका डबी मधे ठेवून बसायच्या, बोटानं हिरड्यांवर मिसरी घासत. गल्लीतल्या सगळ्या बातम्या तिथं फुटायच्या. आईच्या तोंडात मिसरी असली की तिचं अर्धं बोलणं कळायचं नाही, पण हसणं बरोबर कळायचं. हॉस्टेलला आल्यापासून मला घरची आठवण यायची ती या सकाळची. टिळकवाडीतल्या त्या हॉस्टेलमागं परसदारच नव्हतं.

"मावशी," मी विचारलं, "मिसरी लावताय न्हवं?"

"ती व्हय? लावायचीच की. दात घासाय नगं?"

ती खोटं बोलत नव्हती. आमच्या भागात चुना लावून गडीमाणूस मळतो ती तंबाखू. मिसरी म्हणजे दात घासायची. दोन्ही एकाच पानाची हे वखारीत जन्म घालवलेल्या बाईलाही ठाऊक असतं, तरी विचारलं की उत्तर 'न्हाय' असंच येतं.

मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सर खूश झाले, सगळ्यांना परत खाटेपाशी बोलावलं. तुला कसं कळलं, म्हणाले. "आमची आई लावते, सर," मी ऐटीत सांगितलं.

"मग तिचा ईसीजी कधी काढलास?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान! आईला जिना चढताना धाप लागते हे मला माहीत होतं. वखारीची धूळ, वय झालं, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. आप्पांच्या मागं आम्हाला आईच होती.

रविवारी निपाणी गाठली. परसदारी बैठक भरलीच होती. मी सगळ्यांसमोर व्याख्यान दिलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई म्हणाली, "अजून अर्धीच डाक्टर झालीस, आन् आईलाच सुई टोचतीस व्हय गं?" पण माझा आवाज कापत होता, तो तिनं ऐकला असावा. सोमवारी माझ्याबरोबर बेळगावला आली. तपासण्या झाल्या. हृदयाला रक्त थोडं कमी पडतंय, सर म्हणाले, वेळेत आलात. गोळ्या चालू करू, पण मिसरी बंद.

आईनं डबी तिथंच कचऱ्याच्या बादलीत टाकली. बोलली की केलं, अशी बाई. नंतर एकदाही लावली नाही. मी हॉस्टेलभर सांगत सुटले. माझ्या आजवरच्या डॉक्टरकीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट अजून तीच आहे.

पुढं इंटर्नशिप लागली आणि घरी जाणं आणखी कमी झालं. दिवाळीला गेले, तेव्हा सकाळी उठून हौसेनं परसदारी आले. आई पायरीवर चहाचा कप घेऊन एकटीच बसली होती. पलीकडच्या घरामागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"तू जात नाहीस त्यांच्यात?"

"गेलते की. वास आला की बोट शिवशिवतंय. मग जायाचंच सोडलं."

मी तिच्या शेजारी बसले. तिच्या अंगाला आता साबणाचा वास येत होता. तिचा जीव वाचावा म्हणून मीच हे करायला लावलं होतं, आणि उद्या परत तेच करायला लावीन. तरीही, काळ्या हिरड्यांनी, भरल्या तोंडानं खदखदून हसणारी माझी आई मला हवी होती. ती शेजारीच बसली होती आणि मला तिची आठवण येत होती.

"मिसरीबिगर ऱ्हाता येतंय गं," आई म्हणाली. "पर सकाळच्याला कुनीतरी बोलाय लागतंय बघ." मग कप खाली ठेवून विचारलं, "उद्या कुठली गाडी तुझी?"

"पहिलीच. आठला ड्युटी आहे."

"दुसरीनं जा की."

दुसऱ्या गाडीनं ड्युटी गाठता येत नाही. ते तिलाही माहीत होतं. मी पहिल्या गाडीनं गेले, आणि बेळगावच्या अलीकडचं काकती येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होते.