फेंगकाकूची पायडलं

फेंगकाकूची स्वतःची सायकल एकच, पण तिची पायडलं आमच्या बाइशी शहरातल्या निम्म्या विजेच्या सायकलींना लागून आलेली. नंबरप्लेटीसाठी काढलेले फोटो कुणी शेजारीशेजारी मांडले असते तर दिसलं असतं, गाड्या ढीगभर आणि पायडलं तीच दोन. नारिंगी, डाव्याचा कोपरा तुटका.

त्याचं असं होतं. कायद्यानं विजेच्या सायकलीला पायडल हवंच. नसेल तर ती सायकल नाही, मोटारसायकल. मग लायसन्स काढा, विमा काढा. म्हणून दुकानदार गाडीबरोबर पिशवीत पायडलं द्यायचा आणि लोक ती पिशवी घरी गेल्यागेल्या हरवायचे. मूठ पिळली की गाडी पळते, पायडल काय नडगी फोडून घ्यायला हवंय? पण प्लेट घ्यायला वाहतूक पोलिसांच्या आवारात गेलं की तिथले छिन साहेब वाकून बघायचे. "पायडल कुठंय?"

त्या आवाराच्या फाटकासमोर माझं तांदळाच्या शेवयांचं दुकान. पायरीवर काकू पाना घेऊन बसायची. नवरा गेला, साखर कारखाना बंद पडला, मुलगा ग्वांगडोंगला गेला तो फोनपुरताच उरला. पण काकू रडणारी नव्हे. दहा युआन घ्यायची, दोन हिसक्यांत पायडलं बसवायची. गाडी आत जायची, प्लेट लावून बाहेर यायची, की तीच पायडलं पुढच्या गाडीला.

"काकू, तुझं तुटकं पायडल रोज फोटोत येतंय," छिन साहेब शेवया ओढताना म्हणायचे. "निदान बदल तरी."

"तुम्ही टोपी बदलता का रोज? ओळखीचं असलेलं बरं."

मग बातमी आली की नियम बदलणार, आणि आमच्या वस्तीच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकणार. पहिलाच मुद्दा, पायडल ठेवायचं की काढायचं. काकूचा पाना हातातच राहिला.

"अगं, पायडल गेलं तर मी खाऊ काय? तुझ्या शेवया फुकट देशील?"

"एक वेळच्या देईन," मी म्हटलं.

"मग दुसऱ्या वेळेसाठी मला सभेत बोलावं लागेल."

सभेला ती पुतणीच्या लग्नातलं जाकीट घालून आली. आधी उठला आ हुई, घरोघरी जेवण पोचवणारा पोरगा. "आजवर पायडल मारणारा एक माणूस दाखवा! आहे कुणी? मग ते लोढणं कशाला?" टाळ्याच टाळ्या.

काकू उठली. "बॅटरी काय सांगून संपते? उसाच्या फडात अडकलात, चिटपाखरू नाही, घरी बायको भात निवत ठेवून बसलीय. तेव्हा कोण येतं? सरकार येतं? पायडल येतं! आईसारखं धावून येतं!"

दोनचार म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आ हुईनं मान तिरकी केली. "काकू, तू मारलंस कधी?"

"रोज हाताळते मी!"

"हाताळतेस गं. मारलंस का?"

अध्यक्षस्थानी वेई गुरुजी. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे भांडणात त्यांना एकच उपाय सुचायचा. "प्रयोग करू!"

सगळी सभा अंगणात. आ हुईची गाडी आणली, बॅटरी काढली. पायडलं काकूनंच बसवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बास्केटबॉलच्या खांबापासून फाटकापर्यंत जायचं ठरलं. काकू चढली. सीट इतकी बुटकी की गुडघे काखेत यायला लागले. गाडी म्हशीसारखी जड. तरी काकूनं दात खाऊन एक फेरा मारला, दुसरा मारला. "बघा! चाललीय!" ती ओरडली, आणि डावं पायडल सुटलं. इतकी वर्षं काढघाल करून आटे पार झिजलेले. काकू गाडीसकट केळीच्या झाडात शिरली. पायडल घरंगळत गेलं ते छिन साहेबांच्या बुटापाशी थांबलं. साहेबांनी उचलून तुटका कोपरा निरखला.

"हेच ते," ते म्हणाले, आणि सगळं अंगण हसून लोळलं.

आत येऊन हात वर झाले. पायडल गेलं. काकू नडगीवर माझं ओलं फडकं धरून मागच्या बाकावर बसली. मला वाटलं, आता रडते.

दुसरा मुद्दा छतांचा. आमच्याकडं ऊन असं की प्रत्येक गाडीवर फुलाफुलांचं कापडी छत. वाऱ्यानं ते उलटतं आणि शेजारच्याच्या डोळ्यात काडी जाते. ह्या बाबतीत प्रत्येकाकडं दुसऱ्याच्या छताची तक्रार होती. "माझा कान गेला असता!" "माझी टोपी नेली!" गुरुजी म्हणाले, छतं नकोतच, आणि आ हुईसुद्धा त्यांच्या बाजूला. ठरलं, छत असेल तर प्लेट नाही.

काकूनं फडकं बाजूला ठेवलं आणि हात वर केला. "साहेब, छत प्लेटीपुरतं काढायचं, की कायमचं?"

"कायमचं!" छिन साहेब गरजले.

"कायमचं, कायमचं," सगळी सभा म्हणाली. सगळ्यांची छतं बाहेर गाड्यांवर फडफडत होती.

काकू माझ्या कानाशी आली. "अगं, तुझ्या दुकानामागचा तुकडा मोकळाच आहे ना?"

आता रांग पायरीपासून सुरू होते. काकू त्याच पान्यानं छत सोडवते, मागच्या अंगणात बांबूंवर पसरून ठेवते. गाडी उघडीबोडकी आत जाते, प्लेट लावून येते, छत पुन्हा डोक्यावर. मला भाडं मिळतं, वर गिऱ्हाइकांना सावली. अंगणात चार टेबलं जास्तीची मांडलीत.

परवा छिन साहेब तिथंच वाडगा घेऊन बसले होते. कुणीतरी आपलं छत घेऊन गेलं आणि ऊन नेमकं त्यांच्या टकलावर आलं. त्यांनी वर बघितलं. काकूकडं बघितलं. इकडंतिकडं बघितलं.

"काकू," ते हळूच म्हणाले, "ते निळं जरा इकडं सरकव."