ओटीतला नारळ

काल कविसंमेलनात मी कविता वाचली. माझ्या आत जे कोणी राहतं ते बाई नाही, पुरुषही नाही, असं तिच्यात होतं. टाळ्या पडल्या. मग सत्कार. बाकीच्या कवींच्या खांद्यांवर शाली चढल्या आणि माझ्यापुढे संयोजकांच्या पत्नी तांदूळ, खण, नारळ घेऊन उभ्या राहिल्या.

"ताई, ओटी भरते. पदर नाही? मग ओढणी धरा की!"

मी काही बोलायच्या आत माझे हात ओढणी पसरून पुढे झाले होते.

आज तो नारळ टेबलावर आहे आणि मला एका जागी बसवत नाही. बाजारात साधा नारळ घेतानाही आपण कानाशी हलवून बघतो, आत काय आहे म्हणून. माझी तर अख्खी कविता ऐकली होती सगळ्यांनी. माझ्या हातांनीही.