ओळीच्या तोंडाशी आलेली आडवी रेघ

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या इंदूरच्या पलासिया भागातल्या ऑफिसात चहावाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात तर माझ्या टेबलाकडे कुणी फिरकत नव्हतं.

काम असं होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायला लावणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर होतं. म्हणजे फुकट, आणि जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. दुभाष्याच म्हणा ना. त्याला बँकांची भाषा तेवढी येत नव्हती. बँका एकमेकींना जे निरोप पाठवतात त्यांचे जगभर एकच नियम आहेत: कुठल्या रकान्यात काय, नाव-पत्त्याला चार ओळी, एका ओळीत पस्तीस अक्षरं, बस्स. ते नियम या दुभाष्याला शिकवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. प्रकल्प सांभाळणारे गृहस्थ परदेशात, कधी न भेटलेले. त्यांनी सरळ कळवलं होतं, सोमवारपर्यंत सगळे निरोप चाचणीत पास झाले तर तुझा भाग नव्या आवृत्तीत जाईल, नाही तर काढून टाकावा लागेल. सहा महिन्यांची मेहनत होती हो माझी!

त्यांनी पाठवलेले नमुन्याचे पत्ते बिनबोभाट पास झाले. पण मला खुमखुमी. म्हटलं, आपल्या गावचे पत्ते घालून बघू. भावाच्या लग्नातली आमंत्रणांची यादी घरात होतीच. इंदूरचा पत्ता म्हणजे पाण्याच्या टाकीच्या मागे, शाळेच्या समोर, वरचा मजला, असं अख्खं वर्णन असतं. ते चाचणीत घातले आणि मधलेच काही निरोप नापास व्हायला लागले. मावशीचा पास, तिच्या शेजारणीचा नापास. तीन दिवस शोधून हात टेकले.

रविवारी सकाळी छापलेले कागद घरी टेबलावर पसरून बसले होते. बाबा समोर येऊन बसले. बाबा कापड मिलच्या टेलेक्स खोलीत कामाला होते. परगावच्या व्यापाऱ्यांना, बँकांना जाणारा मिलचा प्रत्येक निरोप त्यांच्या बोटांखालून जायचा. मग मिल बंद पडली, टेलेक्सचाही जमाना गेला. तेव्हापासून दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते थकलेल्या पगारासाठी मिलच्या गेटवर भरणाऱ्या कामगारांच्या सभेला जायचे आणि बाकीचे सहा दिवस फारसं बोलायचे नाहीत.

त्यांनी एक कागद उचलला. "चार ओळी, मोजून अक्षरं. अरे, हे तर आमच्या टेलेक्सचंच खानदान!"

"बाबा, प्लीज. यातलं तुम्हाला काय कळतंय?" मी खेकसले.

आई ओट्यापासून वळून माझ्याकडे बघायला लागली. बाबांनी चष्मा लावला, पास झालेले कागद एकीकडे ठेवले, नापास दुसरीकडे, आणि पट्टी लावून एकेक ओळ वाचायला लागले. घाई नाही, राग नाही. गेटवरच्या सभेची वेळ होऊन गेली तरी उठले नाहीत. मी त्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. काय ती नजर, काय तो शांतपणा! माझ्या ऑफिसात असा एक माणूस नव्हता, मी तर नाहीच नाही.

"देख बेटा," ते म्हणाले, "जितने फेल हैं, सबमें एक ओळ आडव्या रेघेने सुरू होतेय."

खरंच होतं. आपण पत्ता लिहिताना गावाचं नाव लिहितो, मग आडवी रेघ, मग पिनकोड. परदेशी नमुन्यांत ती रेघच नव्हती. माझा प्रोग्रॅम पस्तीस अक्षरं झाली की ओळ तोडायचा आणि एखाद्या पत्त्यात रेघ नेमकी नव्या ओळीच्या तोंडाशी यायची.

"पण रेघेने काय बिघडतं?"

"आमच्याकडे निरोप संपला की नव्या ओळीवर खूण टाकायचो. म्हणून मधली कुठलीच ओळ खुणेने सुरू करायची नाही. पलीकडच्याला वाटणार, बात खतम. खोलीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो."

मी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं. होतं की! ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ चालणार नाही, निरोपाचा शेवट तिनेच होतो. ते पान मी दोनदा वाचलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"बाबा, चुकलं माझं."

"हाव, चुकलं तर चुकलं. आता चहा पाज."

रेघ ओळीच्या तोंडाशी येणार नाही असा मी प्रोग्रॅम बदलला. सोमवारी सगळे निरोप पास झाले, माझा भाग आवृत्तीत गेला. त्या प्रकल्पात एक रीत होती, मला फार आवडायची. चूक ज्याने शोधली त्याचं नाव आवृत्तीच्या नोंदीत साऱ्या जगासमोर लिहायचं, मग तो कुणी का असेना. मी बाबांचं नाव कळवलं. उत्तर आलं, त्यांचे मनापासून आभार, आणि नावाखाली आम्ही संस्था लिहितो, ते कुठे काम करतात?

संध्याकाळी बाबांना विचारलं, "निवृत्त लिहू का?"

ते ताठ बसले. "निवृत्त कशाला? मी काय राजीनामा दिला होता? मिलचं नाव लिही. पूर्ण लिही, लिमिटेडसकट."

मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक ओळीची सुरुवात तपासली.