एकट्या देवाने केलेला करार

“काकूंना ओव्हेरियन कार्सिनोमा आहे, स्टेज थ्री,” असे डॉक्टरीणबाईंनी मला रुग्णालयाच्या जिन्यात, उभ्याउभ्या सांगितले. ओव्हेरियन कार्सिनोमा म्हणजे बीजांडकोशाचा कर्करोग. स्टेज थ्री म्हणजे तो पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेला. असा निकाल माणसाला निदान बसवून ऐकवावा, या आशयाचे पत्र मी त्याच दिवशी व्यवस्थापनास दिले आणि त्याची पोच घेतली.

माझी पत्नी मार्था. चार महिने तिचे पोट फुगत होते, दोन घासांत भरत होते. आम्ही ओवा-जिरे देत राहिलो. ज्यांच्या घरी हे लक्षण असेल त्यांना मी बजावतो: गॅस समजून थांबू नका, सोनोग्राफी करा.

मी कोल्हापूरच्या न्यायालयात चौतीस वर्षे कारकून होतो. करारनामे आणि प्रतिज्ञापत्रे तपासण्यात हयात गेली. अटीचा भंग झाला की दाद मागायची, एवढेच मला येत होते. देवाशीही मी तसाच वागलो.

या निकालाआधी तपासण्या झाल्या होत्या. सीए वन ट्वेंटी-फाइव्ह, म्हणजे या रोगाचा अंदाज देणारी रक्ततपासणी. मग सीटी स्कॅन. मग बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे. प्रत्येक अहवालासाठी तळमजल्यावरच्या लोखंडी खुर्च्यांवर तासन्‌तास बसलो होतो. पहिल्या केमोथेरपीच्या दिवशी तिथेच बसून मी फुलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून, देवाला नोटीस लिहिली. मार्थाने एकतीस वर्षे संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, चालवले. उपासना कधी चुकवली नाही. आमच्याकडून एकाही अटीचा भंग झालेला नाही. सबब पंधरा दिवसांच्या आत तिला आरोग्य द्यावे, अन्यथा करारभंग झाला असे समजण्यात येईल.

हे मी थट्टेने लिहिले नव्हते.

मार्थाने ती नोटीस सलाइन लावलेल्या हातात धरून वाचली. ती गडमुडशिंगीची; बोलणे रोखठोक. “अहो, पत्ता कुठं हाय ह्यावर? पोस्टमननं बिचाऱ्यानं जायचं तरी कुठं?”

शेजारच्या पलंगावरची बाईही हसली. मी हसलो नाही.

पंधरा दिवस गेले. तिचे केस गेले. न्यूट्रोपेनिया झाला, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि ताप चढला. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे भेटीला येऊन म्हणाले, “विश्वास कमी पडला असंल की कुठंतरी.” मी त्यांना वॉर्डाबाहेर काढले आणि पाळकसाहेबांना चार पानी तक्रार लिहिली. पाळकसाहेब आले, तासभर मुकाट बसले, प्रार्थना करून गेले. त्या मुकाट बसण्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तिसऱ्या केमोनंतर डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली. खुर्ची पाहूनच मला निकाल कळला. “काका, औषध लागू पडत नाही. ऑपरेशनचाही उपयोग होणार नाही. आता पॅलिएटिव्ह केअर.” म्हणजे रोगावर नव्हे, फक्त वेदनेवर उपचार.

मी वॉर्डात येऊन मार्थाला म्हणालो, “आपण सगळ्या अटी पाळल्या. त्याने शब्द पाळला नाही.”

“कुठल्या अटी?” तिने डोळे उघडले. “अब्राहामाची गोष्ट आठवा, देवानं त्याच्याशी करार केला ती. जनावरांचे दोन-दोन तुकडे करून समोरासमोर मांडलेले. मधनं कोण गेलं?”

“देव. अग्नीच्या रूपाने.”

“आणि अब्राहाम?”

“गाढ झोपला होता.”

“मग! पोरांना दरसाल सांगत आले मी. मागच्या बाकावर बसून तुम्ही काय ऐकत होता?”

त्या काळी करार करणारे दोन्ही पक्ष अशा तुकड्यांमधून चालत. मी शब्द मोडला तर माझेही असेच तुकडे होवोत, असा त्याचा अर्थ. इथे चालला तो एकटा देव. दोन्ही पक्षांच्या सह्या तपासण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या ध्यानात हे कधी आले नव्हते. आमच्या पुण्याईवर तो करार उभाच नव्हता. मग पुण्याईच्या बळावर दावा कसला? आणि आमच्या उणिवांमुळे तो मोडेल, हे सांगणारे ते वडीलधारे तरी कोण?

हे उमगल्याने तिच्या वेदना कमी झाल्या नाहीत. मी खोटे लिहिणार नाही. मॉर्फिनची मात्रा वाढत गेली. शेवटचे सतरा दिवस ती कळंब्याला आमच्या घरी होती. एका दुपारी म्हणाली, “मला भ्या न्हाय वाटत. तुमचीच काळजी वाटती. माणसं तोडू नका.” दुसऱ्या सकाळी ती गेली.

वॉर्डात तिला रोज कूस बदलून देणाऱ्या, तिची पाठ पुसणाऱ्या नर्सबाईंना मी आभाराचे पत्र लिहिले. तक्रार नसलेले असे पत्र मी पूर्वी लिहिल्याचे आठवत नाही.

दफनभूमीच्या कचेरीत जागेचा कागद माझ्यापुढे आला, तेव्हा मला सारा आठवली. अब्राहामाला देवाने सबंध देशाचे वचन दिले होते. पण त्याची बायको सारा वारली तेव्हा त्याच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती. तिला पुरण्यासाठी त्याने एक शेत व त्यातली गुहा साक्षीदारांसमोर रीतसर विकत घेतली. वचन खरे झाले ते त्याच्या मागून, कित्येक पिढ्यांनी. तरीही त्याने देवाला खोटे ठरवले नाही.

माझा राग अजून शमलेला नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी रागासकट प्रार्थना करावी. देवाला ते सोसते. त्या कागदावर मी सही केली. जागा किती मुदतीची, हे कलम मात्र मी शोधले नाही. मेलेले पुन्हा उठतील, मार्था तिथे कायमची राहायची नाही, असा शब्द मिळालेला आहे. आणि ज्याने तो दिला, तो एकटाच त्या तुकड्यांमधून चालत गेला होता.