कॅमेऱ्याची सुई आणि तात्यांची मेंढरं

माझी आत्या स्वतःचं कौतुक स्वतःच करायची आणि पंचाईत अशी, की ते खरं असायचं. अंथुर्ण्याला तिच्या नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती तिथं फक्त चहा घेऊन जायची. पुढं रेडिओ, टेप, मग टीव्हीसुद्धा तीच उघडायला लागली आणि यजमान गल्ल्यावर बसायला लागले. "माझ्यासारखा हात अख्ख्या तालुक्यात न्हाय," असं ती येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायची. गिऱ्हाईक मान डोलवायचं, कारण त्याचा टीव्ही चालू झालेला असायचा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बारामतीत एका गाळ्यात फोटोचं दुकान चालवायचो. कॅमेरा माझ्यापेक्षा वयानं मोठा, एका बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला. त्यातून बघितलं की कडेला एक बारीक सुई दिसायची. उजेड किती आहे ते ती दाखवायची, म्हणजे पूर्वी कधीतरी दाखवत असावी; माझ्याकडं आली तेव्हा ती मेलेलीच होती. माझं काही अडत नव्हतं. लग्नात फ्लॅश असायचा आणि उन्हात सवयीनं जमून जायचं.

मग सांगवीहून निरोप आला, की तात्या मेंढरं विकताहेत. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, आत्याचे भाऊ. आमच्या भावकीत कळप राखणारे ते शेवटचे. गुडघे गेले होते, चरायची रानं उसाखाली गेली होती, मुलं कारखान्यात लागली होती. कळपही आटत आटत थोडाच उरला होता. त्याचा एकही फोटो नव्हता, कारण फोटो काढला की मेंढरांना नजर लागते असं तात्यांचं ठाम मत. मी घरचा फोटोवाला, तरी त्यांनी मला कधी कळपाजवळ कॅमेरा आणू दिला नव्हता. आता मात्र स्वतःच म्हणाले, "आता नजर लागून काय व्हायचंय? काढ एक फोटू. पर समदी दिसली पायजेत."

तिथंच घोडं अडलं. मेंढरं काळी, तात्यांच्या खांद्यावरची घोंगडी काळी आणि व्यापाऱ्याचा ट्रक येणार तांबडं फुटायच्या सुमारास. तसल्या उजेडात अंदाज जरा चुकला, तर फोटोत मेंढरांऐवजी डांबर सांडल्यासारखं दिसलं असतं. आणि दुसऱ्यांदा काढायला कळप राहणारच नव्हता. मी कॅमेरा घेऊन अंथुर्णं गाठलं.

आत्यानं तो उलटासुलटा करून बघितला आणि रेडिओच आहे, नुसता डोळा लावलाय, असं जाहीर केलं. खालचा पत्रा उघडला. जुना सेल आत फुटून तार हिरवी पडली होती. तिनं ते सगळं खरवडून काढलं आणि केसाएवढी नवी तार जोडली. मूळच्या जातीचा सेल बाजारातून गेला होता, म्हणून घड्याळवाल्याकडचा आणून बसवला. सुई हलली. मला इतका आनंद झाला, की मी तिच्या पायाच पडलो.

खात्री करायला आम्ही कॅमेरा उन्हात आणला. लख्ख उन्हात कॅमेऱ्यावर आकडे काय ठेवायचे ते मला तोंडपाठ होतं. सुईनं तेच सांगितलं म्हणजे झालं. पण ती धरायची कशावर? आमच्या घरात काही झाकायचं असो की अंथरायचं, पहिली आठवण घोंगडीची. समोर भिंतीवर ती वाळत होतीच. तिच्यावर कॅमेरा धरला, तर सुई बरोबर माझ्या आकड्यावर. मी पिशवी उचलली.

आत्या म्हणाली, "थांब. हलली म्हंजी खरं बोलती, असं न्हाय."

तिनं कॅमेऱ्यापुढं स्वतःचा तळवा धरला. ऊन तेच, पण सुई उडून टोकाला गेली. मग भिंतीवर धरून झालं, मातीवर धरून झालं. सुई दर वेळी वेगळंच सांगायची. मी वैतागून म्हटलं, चांगलं चाललंय ते आता बिघडव. तिनं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

थोड्या वेळानं ती एकटीच हसायला लागली. काळी लोकर उजेड गिळते, म्हणून सुई कमी दाखवत होती. आणि घड्याळाचा सेल मूळच्यापेक्षा जोरकस, म्हणून ती जास्त दाखवत होती. दोन चुकांनी एकमेकींना झाकून घेतलं होतं. आणि धनगराच्या घरातली आम्ही दोघं, घोंगडीवर संशय घ्यायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

तिनं एका जुन्या रेडिओतला काचेचा डायोड काढून सेलच्या वाटेत बसवला. त्यानं सेलचा जोर कमी झाला. आता उन्हातला तळवा माझाच आकडा दाखवू लागला. यापुढं सुई तळव्यावरच धरायची, मेंढरांवर नाही, अशी ताकीद मिळाली. मला तिचा फार अभिमान वाटला. सगळं बरोबर दिसत असताना थांबणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

फोटोच्या दिवशी ती सांगवीला आलीच; माझ्यावर सोडायला ती तयार नव्हती. तात्या कळपात उभे राहिले. आत्यानं त्यांच्या शेजारी तळवा धरला, मी जवळ जाऊन सुई बघितली, आकडे लावले, ती बाजूला झाली आणि मी फोटो काढले. मग ट्रक आला आणि भरून गेला. तात्या त्याच्याकडं पाठ करून बसले होते.

पुण्याहून मोठा फोटो धुऊन आणला आणि आम्ही दोघं तो घेऊन गेलो. तात्यांनी स्वतःकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पहिल्या मेंढीवर बोट ठेवलं. काळ्यात काळी असून प्रत्येकीचं तोंड वेगळं उठलं होतं. हिचा कान फाटका, ही हिची लेक, ही पुढं पळणारी, असं पुटपुटत ते बोट सरकवत राहिले. रोज दिवस मावळताना कळप रानातून आला, की ते मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभे राहून असेच एकेकीवरून नजर फिरवायचे आणि मगच जाळी ओढायचे. आत्या कौतुकाची वाट बघत होती. बोट शेवटच्या मेंढीवर येऊन थांबलं.

"आली," तात्या म्हणाले. "समदी आली."