पुरावाबाई आणि शेवटचा भाग

आमच्या बाई कशावरही चटकन विश्वास ठेवत नसत. दूधवाला उशिरा येऊन म्हणाला, "म्हैस आजारी आहे," की बाई दारातच विचारायच्या, "कोणती? गेल्या आठवड्यात तर तुम्ही म्हणालात, एकच उरली होती आणि ती विकली." दूधवाला घाईघाईने दूध मापायला लागायचा. रिक्षावाला मीटर बंद आहे म्हणाला, की बाई वाकून मीटर बघायच्या आणि तो चालू करायला लावूनच आत बसायच्या. कसबा पेठेतल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. वर्गात कुणी काहीही छातीठोकपणे सांगितलं, की टेबलावर डस्टर आपटायचा आणि एकच शब्द यायचा, "पुरावा?" त्यावरून त्यांचं नाव पुरावाबाई पडलं. ते त्यांना माहीत होतं आणि, कबूल करत नसल्या तरी, आवडतही होतं.

घरोघरी नुकती केबल आली होती आणि रोज एक नवी वाहिनी उगवत होती, त्या दिवसांत बाईंनी नोकरी सोडली आणि मुलांसाठी रहस्यमालिका लिहायला घेतली. सगळ्या शिक्षकांनी डोक्याला हात लावला. पण मालिका झाली, एका वाहिनीवर लागली आणि चाललीही. 'टेकडी गँग' तिचं नाव. शाळेत शिकणारी चार मुलं, संध्याकाळची टेकडी आणि दर पर्वात एक गुन्हा. त्या चौघांतली मैथिली म्हणजे मी. मला कसं निवडलं म्हणाल, तर एकदा वर्गात खडू चोरीला गेले तेव्हा मी म्हणाले होते, "बाई, पुरावा नाही, पण संशय आहे." बाई हसल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. वर्षभराने घरी येऊन माझ्या वडिलांना म्हणाल्या, "मुग्धा मला हवी आहे. आवाज चिरका आहे, पण चालेल." आवाज चिरका आहे हे मला तेव्हाच कळलं.

बाईंचा रहस्यकथेचा नियम एकच होता. उत्तर आधी दाखवायचं आणि मग विचारायचं. गुन्हेगार पहिल्यापासून डोळ्यांसमोर वावरला पाहिजे आणि पुरावा पडद्यावर दिसून गेलेला पाहिजे. दिग्दर्शकाला एक मुखवटा घातलेला माणूस फार हवा होता. बाई म्हणाल्या, "मुखवट्याखालून तुम्ही कुणालाही काढाल हो. मग मुलांनी डोकं कुठं वापरायचं?" तो माणूस शेवटपर्यंत मालिकेत आला नाही.

तिसऱ्या पर्वात शाळेच्या प्रयोगशाळेला आग लागते. आळ एका गरीब मुलावर येतो आणि त्याला शाळेतून काढतात. आग लावलेली असते ग्रंथपाल सरांनी. हे सर म्हणजे सगळ्या प्रेक्षकांचे लाडके. ते काम करायचे भालेरावकाका, दिवसा बँकेत आणि उरलेल्या वेळात नाटकात. दुसऱ्याच भागात सर पुस्तकांचा गठ्ठा बांधतात आणि सुतळीची गाठ मारताना एक पेड उलटा घेऊन दाताने ओढतात. पुढे प्रयोगशाळेच्या जळक्या दाराला तशीच गाठ सापडते. प्रयोगशाळेतली उपकरणं आपणच चोरली हे कळू नये म्हणून त्यांनी आग लावलेली असते. मैथिली ती अर्धवट जळलेली सुतळी उचलून बघते, आणि 'पुढील भागात'.

तो पुढील भाग आलाच नाही. जाहिराती मिळत नाहीत म्हणून वाहिनीने पर्व मध्येच गुंडाळलं. पुढच्या आठवड्यात आमच्या वेळेला एक जरीच्या साडीतली सासू जिना उतरत होती. ती महिनाभर उतरतच होती, मेली.

मी मनातून जरा सुटले, खोटं कशाला सांगू? बारावीचं वर्ष होतं. पण बाईंना चैन पडेना. त्या मंडईत भाजी घ्यायला गेल्या की मुलं घेरायची. "बाई, आग कोणी लावली?" एका मुलीने तर त्यांची पिशवीच धरून ठेवली. "सांगितल्याशिवाय सोडणार नाही!" बाई घरी आल्या आणि मला बोलावून घेतलं. "मुग्धे, वर्गात प्रश्न विचारला आणि तास संपला, म्हणून मी कधी निघून गेले नाही. घंटा झाल्यावरसुद्धा फळ्यावर उत्तर लिहूनच बाहेर पडलेय. हा भाग होणार." मी म्हटलं, "बाई, सांगून टाका ना मुलांना तोंडी." "तोंडी? आणि पुरावा? एका निरपराध मुलाला गुन्हेगार ठरवून ठेवलंय आपण. ते दाखवून ठरवलं, तसंच दाखवून पुसायचं."

त्यांनी वाहिनीच्या कचेरीत फोन लावला. मी शेजारीच बसले होते. पलीकडचा साहेब गोड बोलणारा होता. मालिकेचं नाव त्यांचं, गाणं त्यांचं, पात्रांची नावंही त्यांची. "त्यातलं एक नाव जरी तुम्ही वापरलंत ना मॅडम, तर वकिलाची नोटीस येईल." बाईंनी विचारलं, "आणि गोष्ट?" साहेब हसला. "गोष्ट सांगा हो कितीही. नावांशिवाय कशी सांगता बघू."

बाईंनी फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. तर बाईंचा चेहरा असा खुललेला, की मला भीतीच वाटली. "मुग्धे, माझ्या आईने अख्ख्या जन्मात माझ्या वडिलांचं नाव घेतलं नाही. 'अहो', 'इकडे', 'आमच्याकडून', 'मुलीचे बाबा', यावर सगळा संसार केला तिने. वाण्याशी बोलली, डॉक्टरांशी बोलली, भांडणंसुद्धा केली. कोणाबद्दल चाललंय ते कुणाला कळलं नाही असं एकदाही झालं नाही. तिला जन्मभर जमलं ते तुम्हाला एका भागात जमणार नाही?"

बाईंनी तो भाग अशा बेताने लिहिला, की त्यात एकही नाव नाही. अरे, अगं, अहो, हे, ते, आपले सर, तो बिचारा. वाचताना गंमत म्हणजे काही अडलंच नाही. आईबापांना मात्र पटवावं लागलं. माझे बाबा म्हणाले, "बाई, हिची बारावी आहे." बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. एक रविवार द्या, बदल्यात फिजिक्स मी घेते." आणि घेतलं. त्या फिजिक्सचे चटके अजून आठवतात.

केबलवाला बाळू हा बाईंचाच विद्यार्थी. विज्ञानात त्यांनीच त्याला नापास केलेलं. त्याची स्वतःची एक वाहिनी होती, तिच्यावर सिनेमे, गणपतीची आरती आणि साड्यांच्या सेलच्या जाहिराती लागायच्या. "बाई, गुरुवारी दुपारी मोकळी वेळ आहे," तो म्हणाला. "गुरुवारी वीज असते का रे आपल्याकडे? तेव्हाही लक्ष नव्हतं आणि आजही नाही." बाळूने निमूटपणे रविवारची सकाळ दिली. कॅमेरा आणला सुरेशने. हा सुरेश लग्नांचं शूटिंग करायचा. दुसरा परवडणारा माणूसच नव्हता.

चित्रीकरण बाईंच्या घराच्या गच्चीवर आणि शाळेच्या ग्रंथालयात झालं. जीभ सारखी घसरायची. म्हणून बाईंनी शिक्षा ठेवली. ज्याच्या तोंडून नाव निसटेल त्याने उखाणा घ्यायचा, कारण त्यांच्या आईलासुद्धा नाव घ्यायची मुभा होती ती तेवढीच. पहिले भालेरावकाका सापडले. लगेच हात जोडून उभे राहिले, "पुरणपोळीवर सोडली साजूक तुपाची धार, मैथिलीचं नाव घेतो, कॅमेरा थांबव यार!" आम्ही हसून लोळलो. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "झालं? चला. ऊन उतरेल."

शेवटच्या प्रसंगात सर गुन्हा कबूल करतात आणि मुलांसमोर पुन्हा तीच गाठ बांधून दाखवतात. काकांनी काय काम केलं! खरे अश्रू आले त्यांच्या डोळ्यांत. आम्ही चौघंही रडायला लागलो. दृश्य संपलं, टाळ्या झाल्या आणि बाई म्हणाल्या, "सुरेश, मागे घेऊन दाखव." बघतो तर काय, काका रडायला लागल्याबरोबर सुरेशने कॅमेरा थेट त्यांच्या डोळ्यांवर नेऊन चिकटवला होता. पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईवर नेतात ना, तसा. हात, सुतळी, गाठ, सगळं चौकटीबाहेर. सुरेश अभिमानाने म्हणाला, "बाई, माणूस रडला की आपला हात आपोआप जातो तिकडं." बाई म्हणाल्या, "तुझा हात तोडून ठेवीन! मुलांना मला रडणं नाही दाखवायचं, गाठ दाखवायचीय. पुन्हा."

काका म्हणाले, "अहो बाई, असं पुन्हा नाही हो जमायचं मला. आतून आलं होतं ते." बाई म्हणाल्या, "ते आतच राहू द्या. गाठ बांधा." काकांनी कोरड्या डोळ्यांनी, जरा रागातच, गाठ बांधली. सुरेशचा कॅमेरा हातांवर राहावा म्हणून बाई त्याचं कोपर धरून उभ्या होत्या. आजही मला वाटतं की ते पहिलं दृश्य जास्त सुंदर होतं. बाईंना तसं एकदा म्हणाले, तर उत्तर आलं, "सुंदर असेल. खरं नव्हतं."

भाग लागला. सुरेशने तुकड्यांची जुळणी करताना सवयीने एक घोळ घातलाच. सरांना पोलीस घेऊन जातात तिथे वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि मागे सनई वाजली. बाईंनी डोळे मिटून घेतले. पण निरपराध मुलगा शाळेत परत आला, गाठ स्वच्छ दिसली आणि दुपारपासून बाईंच्या दारात मुलांची ही गर्दी! "मला माहीतच होतं!" "खोटं बोलू नकोस, तू शिपाई म्हणाला होतास!" वकिलाची नोटीस काही आली नाही. कुणाच्या नावाने पाठवणार?

एवढ्यावर बाई थांबतील असं मला वाटलं होतं. पण बाळूची तार पेठांच्या बाहेर जात नव्हती. "बाहेरच्या मुलांनी काय पाप केलंय?" म्हणून त्या कॅसेट घेऊन शाळाशाळांतून हिंडल्या. माझी परीक्षा संपल्यावर मीच त्यांना माझ्या स्कूटीवरून न्यायची. वाघोलीला तेव्हा नुसती शेतं आणि ट्रक. तिथल्या शाळेत टीव्ही होता, पण वीज गेलेली. हेडमास्तर म्हणाले, "परत कधी तरी या." बाईंनी पिशवीतून सुतळी काढली, मला समोर उभं केलं आणि अख्खा भाग स्वतः करून दाखवला. पोलीस त्याच, सर त्याच. गाठ बांधताना मुलं बाकांवरून पुढे वाकली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, म्या तवाच वळखलं व्हतं. सरांनी पुस्तकं बांधली तवा अशीच गाठ मारली व्हती." बाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा पाहिले. परतीच्या वाटेवर त्या इतक्या खुशीत होत्या, की उसाच्या रसवाल्याचा हिशोबसुद्धा त्यांनी न तपासता मान्य केला.

पुढे मी कंप्युटरच्या नादाला लागले. आता दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते आणि हाताखालची पोरं "मॅम, इट्स फिक्स्ड" म्हणाली की माझ्या तोंडून आपोआप येतं, "पुरावा?" बाई म्हातारपणी वारज्याला, माझ्या घराजवळच राहायला आल्या. माझी मुलगी इरा आणि त्या, दोघी मिळून लॅपटॉपवर मालिका बघायच्या. त्यातली एक डोंगरातल्या निवासी शाळेची होती. तिथली एक मुलगी गायब होते आणि तिचा खून झाला असं सगळे धरून चालतात. पहिलं पर्व ऐन मोक्यावर संपलं. पुढचं केव्हा, तर वर्षाने. बाई तेव्हा आजारी होत्या आणि आपल्याकडे तेवढा वेळ नाही हे पुरतं समजून होत्या. "वर्षाने? आमच्या वेळी निदान बंद करताना सांगायचे तरी!"

मग त्यांनी इराला जवळ बसवलं. "मी उत्तर सांगून ठेवते. ती मुलगी मेलेली नाही. स्वयंपाकघरातल्या मावशीने तिला लपवलंय."

"कशावरून?"

"शाब्बास! पहिल्या भागात मावशी तिच्या हातात डबा देते. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी डबा कोण भरतं? जी मुलगी दूर जाणार आहे, तिच्यासाठीच ना?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या. मी तशी रडणारी नाही, पण त्या दिवशी फार रडले. भालेरावकाका काठी टेकत आले होते. ते हळूच म्हणाले, "आत्ता सुरेश असता तर..." आणि आम्ही दोघंही रडता रडता हसलो.

गेल्या महिन्यात त्या मालिकेचं नवं पर्व आलं. इरा आणि मी एका रविवारी सलग बघितलं. खुनी निघाला मुख्याध्यापकांचा जुळा भाऊ. आठ भागांत त्या गृहस्थाचा पत्ता नाही आणि नवव्यात उगवला! मुलगी मेलेली होतीच म्हणे. मावशी आणि तिचा डबा, दोन्हींचा कुणी उल्लेखही केला नाही. मी सोफ्यावरून उठून टीव्हीवर ओरडले, "हा आधी दाखवला कुठे? पुरावा काय?" शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

इराचा चेहरा उतरला होता. "म्हणजे आजी चुकल्या?"

"अजिबात नाही. हे चुकले. लाव परत पहिला भाग."

तिने लावला. ती मुलगी मागच्या दाराशी येते, मावशी पदराला हात पुसत बाहेर येते. इराने तिथेच थांबवलं आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"आई, डबा आहे."

"आहे ना?"

"आणि मागे फळ्यावर सुट्टीची सूचना पण आहे. म्हणजे ती जिवंत आहे."

"आहेच," मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी टीव्ही बंद केला.